दीड खोलीचं केंद्र ते विभाग: बारा वर्षांची एक फाईल

गेल्या महिन्यात आमच्या एम.ए. लिंगभाव (जेंडर) अभ्यासच्या पहिल्या बॅचचा चौथ्या सेमचा निकाल लागला. तेराजणांनी प्रवेश घेतला होता, त्यातले नऊ एकदम पास, दोघांचा एकेक पेपर राहिला, दोघं मधेच सोडून गेले. आकडा काही मिरवण्यासारखा नाही. पण निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या बाईंचा फोन आला की आमच्याकडे पण स्त्री अभ्यास केंद्र आहे, त्याचा विभाग करायचा म्हणतायत, सुरुवात कुठून करू? मी बोलायला लागले ते एक तास चाळीस मिनिटं. फोन गरम झाला. तेव्हाच ठरवलं की आता लिहूनच काढते, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवून देता येईल.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. महाराष्ट्रातलं आहे, जिल्ह्याच्या ठिकाणचं आहे, एवढं पुरे. मी अजून तिथेच आहे, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, त्यामुळे समजून घ्या.

मी जॉइन झाले ऑगस्ट २०१३ मध्ये, प्रकल्प अधिकारी म्हणून, एकत्रित मानधन महिना १८,०००. समाजशास्त्रात एम.ए. आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेलं, वय २७, आणि डोक्यात भरपूर हवा. केंद्र म्हणजे लायब्ररीच्या मागची दीड खोली. पूर्वी तिथे पुस्तकांचं बाइंडिंग व्हायचं, म्हणून पावसाळ्यात भिंतींना खळीचा वास यायचा. अर्धी खोली म्हणजे काय तर मधे एक लोखंडी कपाट आडवं लावलं होतं, कपाटाच्या अलीकडे ऑफिस आणि पलीकडे सहा खुर्च्यांची लायब्ररी. संचालक मॅडम दुसऱ्या विभागाच्या प्रोफेसर, इथला त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार, त्यामुळे त्या रोज दुपारी ४ नंतर यायच्या. बाकी मी, एक डेटा एंट्री करणारी मुलगी आणि शिपाई मामा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी चहा मागवला आणि मला सगळी कुळकथा सांगितली. १९७१ ला केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली, १९७४ संपता संपता तिचा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर सगळं आपोआप सुधारतंय असं समजणाऱ्यांची झोप उडाली, कारण लोकसंख्येतलं बायकांचं प्रमाण घटत होतं, रोजगारातला वाटा घटत होता. त्याच १९७४ मध्ये मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, विद्यापीठात असं केंद्र देशात पहिलंच. १९८१ ला तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली, पुढच्या वर्षी स्त्री अभ्यासाची देशपातळीवरची संघटना झाली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणात स्त्री-समतेसाठी शिक्षण हा मुद्दा आला, त्यामागोमाग यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) अशी केंद्रं काढायची योजना, आणि १९८७ ला पुणे विद्यापीठातलं केंद्र. आमचं केंद्र त्या योजनेतलं बरंच नंतरचं पिल्लू. हे सगळं सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण एक ध्यानात ठेव गं, केंद्राला पद नसतं, योजना असते. योजना संपली की तू पण संपलीस." मी हसले. चार वर्षांनी हसू आलं नाही.

पहिलं वर्ष कार्यक्रमांत गेलं. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्च महिला दिन, मधे हळदीकुंकू टाइप काहीतरी 'सक्षमीकरण', कराटे शिबिर, रांगोळी स्पर्धा (विषय: बेटी बचाव). विद्यापीठात कुठल्याही कार्यक्रमाला दीपप्रज्वलनाच्या वेळी साडीतल्या चार मुली हव्या असल्या की फोन आमच्याकडे यायचा. मी दोनदा नाही म्हणाले तेव्हा मॅडमनी समजावलं की सरळ नाही म्हणू नकोस, लेखी पत्र पाठवा असं सांग. पत्र कधीच येत नाही. हा मी शिकलेला पहिला धडा आणि अजून वापरते.

२०१४ च्या जुलैत सर्टिफिकेट कोर्स सुरू केला, सहा महिन्यांचा, शनिवार-रविवार, फी १,५००. तीस जागा, आल्या नऊजणी. आम्हाला वाटलेलं कॅम्पसमधल्या मुली येतील, पण आल्या त्या बाहेरच्या. एक पोलीस शिपाई, दोन शिक्षिका, एक वकील, एक अंगणवाडी सेविका ४६ वर्षांच्या, त्या दर शनिवारी पन्नासेक किलोमीटरवरून एसटीने यायच्या, पिशवीत डबा आणि दोनशे पानी वही. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मुक्ता साळवेचा निबंध वाचायला घेतला होता, फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने लिहिलेला, १८५५ ला 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला. एकेक परिच्छेद एकेकीने मोठ्याने वाचायचा असं ठरलं. त्या अंगणवाडीच्या ताईंची पाळी आली, त्यांनी अर्धा परिच्छेद वाचला, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि वाचायच्या ऐवजी मला विचारलं, "ही मुलगी पुढं कुठं गेली ओ मॅडम? लग्न झालं असंल का? अजून कायतरी लिव्हलं असंल की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या निबंधानंतरच्या तिच्या आयुष्याच्या खुणा फारशा सापडतच नाहीत. मी तसं सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "मग शोधायला पायजे ना कुणीतरी." नेट पास होऊन जे मला कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, की हा विषय नक्की कशासाठी. नंतर एम.ए.चा सिलॅबस करताना पहिल्या पेपरचं पहिलं युनिट मी याच प्रश्नावर बेतलं, नाव अर्थातच जड दिलंय, 'स्त्रियांच्या लेखनाची साधने आणि मौन', पण आत हाच प्रश्न आहे.

२०१५ चा एक घोळ सांगते कारण यात नवीन लोक हमखास फसतात. ग्रँट आली की ती हेडप्रमाणे, म्हणजे खर्चाच्या शीर्षाप्रमाणे येते, पुस्तकांचं वेगळं, कार्यशाळेचं वेगळं, प्रवासाचं वेगळं. आमच्याकडे पुस्तकं जमिनीवर होती, म्हणून मी पुस्तकांच्या हेडमधून २२,००० चं एक कपाट घेतलं. मला वाटलं, पुस्तकांसाठीच तर आहे. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, परत आलं. मग खुलासा, मग सीएची सही परत, मग सुधारित विवरण, या सगळ्यात पुढचा हप्ता आठ महिने लांबला आणि माझं मानधन पण. तर एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडला वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी, तोंडी 'हो हो करा' याला काही अर्थ नाही. आणि प्रत्येक वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा, बिलावर पान नंबर टाका. ऑडिटवाले पहिलं तेच बघतात.

मग २०१७. बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ ला संपली आणि यूजीसीच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांचं पुढे काय, हे कोणालाच ठाम सांगता येईना. देशभरातली केंद्रं तेव्हा टांगणीला लागली होती, कुठे निवेदनं, कुठे सह्या, पेपरात लेख. मुदतवाढ यायची ती पण थोड्या थोड्या महिन्यांची. मी सात महिने बिनपगारी गेले. घरी सासूबाईंनी एकदाही बोलून दाखवलं नाही पण पेट्रोलला पैसे मागताना मलाच कसंतरी व्हायचं. डेटा एंट्रीवाली मुलगी सोडून गेली, तिचं बरोबरच होतं.

त्याच वर्षी १ मार्चपासून राज्यात नवा सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू झाला होता. विद्याशाखा चार झाल्या, अधिकार मंडळं नव्याने बनायची होती, आणि ती बनेपर्यंत कुठल्याही प्रस्तावाला उत्तर एकच, 'बॉडी झाल्यावर बघू'. पण या गोंधळात एक गोष्ट आमच्या फायद्याची झाली. चारपैकी एक विद्याशाखा आंतरविद्याशाखीय अभ्यासाची होती. मानव्यविद्या शाखेत आम्ही इतिहास, मराठी, राज्यशास्त्र असल्या मोठ्या विभागांच्या पायाखाली आलो असतो. आंतरविद्याशाखीयमध्ये शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र वगैरे, तिथे जरा हात-पाय पसरायला जागा. मॅडम रिटायर व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. एक दिवस त्यांनी कुलगुरूंची वेळ घेतली, वीस मिनिटांची, मला बरोबर नेलं, आणि तिथे पैसे नाही मागितले. त्यांनी मागितलं विद्यापीठाच्या बजेटमध्ये केंद्राचं स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी ओळ. रक्कम कितीही टाका म्हणाल्या, एक लाख टाका, पण ओळ असू द्या. मला तेव्हा ते फारच कमी वाटलं, बाहेर आल्यावर मी चिडले पण. आता सांगते, त्या एका ओळीमुळे आम्ही वाचलो. बजेटमध्ये ओळ असली की दरवर्षी कोणीतरी विचारतं याचं काय करायचं, आणि ओळच नसली तर विचारणारंच कोणी नसतं.

२०१८ ला पदव्युत्तर डिप्लोमा सुरू झाला, तो बरा चालला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

एम.ए. आणि विभाग असा एकत्र प्रस्ताव टाकला ९ जानेवारी २०१९ ला. त्याआधी दोन महिने सिलॅबसवर. मुंबईला एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसवरच्या केंद्रात दोन दिवस बसून आले, पुण्याला तीनदा गेले. पुण्यात विद्युत भागवत आणि नंतर शर्मिला रेगे यांनी जे काम उभं केलं, म्हणजे जात आणि लिंगभाव वेगवेगळे शिकवताच येत नाहीत, आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी वाचायला मराठीत काही असलं पाहिजे, ते आमच्यासारख्या ठिकाणी जास्तच लागू पडतं. आमची नव्वद टक्के मुलं मराठी माध्यमाची. म्हणून एक नियम केला, प्रत्येक पेपरच्या वाचनयादीत निम्मं तरी मराठी. ताराबाई शिंदेंपासून, १८८२ ला 'स्त्री पुरुष तुलना'मध्ये या बाईंनी जे लिहून ठेवलंय ते वाचताना मुलं आजही चपापतात, ते दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपर्यंत. प्रवासाचं एक बिल मंजूर झालं, बाकी एसटी आणि पॅसेंजर स्वतःच्या खिशातून. झेरॉक्स, बाइंडिंग, स्पीड पोस्ट धरून या अख्ख्या प्रकरणात माझे स्वतःचे ६,१४० रुपये गेलेत, डायरीत लिहिलंय.

मे २०१९ ला मॅडम रिटायर झाल्या. नवे संचालक आले ते वाणिज्यचे सर. मला वाटलं संपलं. तर उलट, सरांना विषय माहीत नव्हता पण टिपणी, म्हणजे फाईलवरची मागणीची नोंद, लिहिण्यात असा माणूस मी पाहिला नाही. ते म्हणायचे, "मॅडम, तुम्ही टिपणीत विचार लिहिता. टिपणीत फक्त काय पाहिजे, कुठल्या कलमाखाली पाहिजे आणि किती पैसे लागणार नाहीत ते लिहायचं." किती पैसे लागणार नाहीत हे वाक्य मी भिंतीवर लावायचं बाकी ठेवलंय.

पुढे मार्च २०२०. फाईल त्या वेळी एका टेबलावर होती, लॉकडाऊन लागला, ते भाऊसाहेब गावी गेले, आणि ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर आमची फाईल नाही. ११८ पानं. पाच महिने शोधली. मामांनी तर रद्दीच्या गोण्या पण उपसल्या. शेवटी सापडलीच नाही, आजपर्यंत नाही. माझ्याकडे सिलॅबसची सॉफ्ट कॉपी होती पण शेरे असलेली पानं, सह्या असलेली पानं, ती कुठून आणणार? सगळं परत. त्यानंतर मी दर पानाचा मोबाईलवर फोटो काढते, आवक-जावक क्रमांक तारखेसकट वेगळ्या वहीत लिहिते, आणि फाईल कुठल्या टेबलावर कधी गेली ते पण. लोक हसतात. हसू देत.

कोविडच्या त्या दोन वर्षांत डिप्लोमा ऑनलाइन चालवला. २१ मुली होत्या, लेक्चरला सात-आठ दिसायच्या. एकीचा फोन म्हणजे भावाचा फोन, तो शेतातून यायचा ६ वाजता, म्हणून आम्ही एक लेक्चर रात्री ९ ला ठेवलं, तर त्या वेळेला बाकीच्यांची भांडी. घरातल्या बिनपगारी कामाचं युनिट तेव्हा शिकवावं लागलंच नाही.

सप्टेंबर २०२१ ला प्रस्ताव परत. आता खरी गाठ इथे होती: एम.ए. सुरू करायला सिलॅबस पाहिजे, सिलॅबस मंजूर करायला अभ्यास मंडळ पाहिजे, अभ्यास मंडळाला त्या विषयाचे शिक्षक पाहिजेत, शिक्षक नेमायला विभाग पाहिजे, आणि विभागाला एम.ए. पाहिजे. मी उपकुलसचिवांसमोर हे बोटांवर मोजून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एवढंच. मार्ग सरांनी काढला, अ‍ॅड-हॉक बोर्ड. समाजशास्त्र, मराठी, कायदा, अर्थशास्त्र यांतले लोक घेऊन तात्पुरतं मंडळ करता येतं, बाहेरचे तज्ज्ञ बोलावता येतात. तुम्ही याच गाठीत अडकला असाल तर थेट हेच मागा, आम्ही आधीचे आठ महिने नुसती पत्रं लिहिण्यात घालवले. आणि मंडळात निदान एक माणूस असा घ्या ज्याला विषयापेक्षा नियम जास्त पाठ आहेत.

बोर्डाच्या पहिल्या मीटिंगला अडीच तास भांडण नावावर. स्त्री अभ्यास ठेवायचं की लिंगभाव अभ्यास? एका ज्येष्ठ बाईंचं म्हणणं, आम्ही चळवळीतून 'स्त्री' हा शब्द विद्यापीठात आणला, तो तुम्ही इतक्या सहज काढणार? तरुण मंडळींचं म्हणणं, पुरुषत्व शिकवायचंय, ट्रान्स लोकांचे प्रश्न शिकवायचेत, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा ट्रान्स लोकांच्या हक्कांचा नालसा निकाल सिलॅबसमध्ये आहे, मग नाव फक्त स्त्री कसं? मला दोन्ही बाजू पटत होत्या, खरं सांगायचं तर मला आतून ज्येष्ठ बाईंची बाजू जास्त पटत होती. शेवटी ठरलं, विभागाचं नाव 'स्त्री व लिंगभाव अभ्यास विभाग', पदवी 'एम.ए. लिंगभाव अभ्यास'.

ठरलं ते ठरलं, पण फाईलला ते माहीत नव्हतं. १७ मार्च २०२२ ला विद्या परिषदेत, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळात, विषय आला. कार्यसूचीवर ४३ वा. मी बाहेर व्हरांड्यात स्टुलावर सकाळी ११ पासून बसलेली, दुपारी साडेचारला आतून सर आले, अंगठा दाखवला, चार मिनिटांत मंजूर म्हणाले, एक प्रश्न नाही. मामांनी पेढे आणले. महिन्याने इतिवृत्त हातात पडलं. ठराव क्रमांक, तारीख, सगळं नीट, आणि मग ओळ: 'स्त्री व लिंगभेद अभ्यास विभाग सुरू करण्यास मान्यता देण्यात येत आहे.'

लिंगभेद! मी दोनदा वाचलं. टायपिंग करणाऱ्या भाऊसाहेबांना जाऊन विचारलं तर ते अगदी साधेपणाने म्हणाले, "मॅडम, लिंगभाव असा शब्द मी तरी ऐकला नव्हता, मला वाटलं तुमच्याकडूनच चुकलंय, म्हणून मी दुरुस्त केलं." रागवावं की हसावं. त्यांना तिथेच उभ्याउभ्या समजावलं की लिंग म्हणजे शरीराचं, आणि लिंगभाव म्हणजे समाज जे ठरवतो ते, मुलीने असं बसावं, मुलाने रडू नये. भाऊसाहेब जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे भेदभावच ना शेवटी." आता याला काय उत्तर देणार, पूर्ण चूक पण नाही म्हणता येत. पण ठराव म्हणजे ठराव, एक अक्षर बदलायला परत विद्या परिषदेची पुढची बैठक, शुद्धिपत्रक, ते इतिवृत्त कायम होणं, मगच व्यवस्थापन परिषद. पाच महिने. 'भेद' पुसून 'भाव' करायला पाच महिने. तुम्ही एवढंच करा, प्रस्तावातला ठरावाचा मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, युनिकोडमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर दोन्हीकडे, आणि इतिवृत्त सर्क्युलेट व्हायच्या आधी कच्चा मसुदा बघायला मागा. मागितला तर देतात, मला कोणी सांगितलंच नव्हतं की मागायचा असतो.

व्यवस्थापन परिषदेत नोव्हेंबर २०२२ ला गेलो. तिथे मात्र प्रश्न आले, आणि प्रश्न एकच, हे शिकून नोकरी काय? याची तयारी करून जा. मी लिहून नेलं होतं: नेटला हा स्वतंत्र विषय आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, पीडित बायकांना मदत करणारं सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचे भरोसा सेल, १९७५ पासूनचं माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, बचत गटांचं 'उमेद' अभियान, संस्था. सगळं खरं. पण मुलांना मी याच्या जोडीला हे पण सांगते की बऱ्याच जाहिरातींत पात्रता एमएसडब्ल्यू नाहीतर समाजशास्त्र लिहिलेली असते, त्यामुळे अर्ज करताना वाचून करा. परिषदेत हे मी बोलले नाही, एवढं मान्य करते.

मंजुरी मिळाली, विनाअनुदानित तत्त्वावर. म्हणजे मंजूर पद एकही नाही. पूर्णवेळ मंजूर पदासाठी शासनाची मान्यता, आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), बिंदुनामावली (आरक्षणाच्या क्रमाची नोंद), ती वेगळीच लढाई, आमची फाईल तिथे अजून आहे. तूर्त दोन कंत्राटी शिक्षक (त्यातली एक मी) आणि बाकी तासिका तत्त्वावर.

आणि आता वाटलं आपण सुटलो, तेवढ्यात नवीन शैक्षणिक धोरण. २०२३-२४ पासून पदव्युत्तरला लागू. मंजूर झालेला सिलॅबस बाजूला ठेवून सगळं नव्या चौकटीत, दोन वर्षांना ८८ क्रेडिट, दर सेमला २२, संशोधन पद्धती ४, ऑन जॉब ट्रेनिंग ४, रिसर्च प्रोजेक्ट. मे महिन्यात, ४३ डिग्रीत, त्या दीड खोलीत आम्ही तिघं कागद कापून जमिनीवर पेपरांची मांडणी करत होतो, फॅन लावला की क्रेडिट उडायचे. ऑन जॉब ट्रेनिंगवर मी आधी कुरकुर केली पण तोच भाग सगळ्यात चांगला निघाला. मुलं वन स्टॉप सेंटरला, भरोसा सेलला, दोन मुलं एका ग्रामपंचायतीत सरपंच बाईंबरोबर महिनाभर. सरपंच बाईंच्या खुर्चीवर त्यांचे मिस्टर बसतात, हे मुलांनी पुस्तकात वाचलं होतं, तिथे बघितलं की त्या बाई खुर्चीमागे उभ्या राहून हळूच कुठली सही करायची नाही ते सांगतात. त्यावर दोघांनी मिळून जो रिपोर्ट लिहिला तसा मी स्वतः एम.ए.ला लिहिला नव्हता. एमओयू (सामंजस्य करार) मात्र सेम सुरू व्हायच्या तीन महिने आधी करा, सरकारी ऑफिसला परवानगीच्या पत्राला तेवढा वेळ लागतो.

ऑगस्ट २०२३, पहिले प्रवेश. ४० जागा, फी वर्षाला ९,८००. तेराजण: दहा मुली, तीन मुलगे. एका मुलाने घरी सांगितलं होतं एम.ए. समाजशास्त्राला जातोय म्हणून. दुसऱ्या सेमला मार्कशीट घरी गेली तेव्हा वडिलांना कळलं, ते थेट विभागात आले, मी घाबरलेच, पण ते म्हणाले, "शिकवा हो, पण बाईसारखं बोलायला लावू नका."

ऑक्टोबरमध्ये स्कॉलरशिपचा धक्का. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला मुलं बसली तर यादीत आमचा कोर्सच नाही. आठजणांचं शिक्षण त्या स्कॉलरशिपवर होतं. चूक आमची, नवीन कोर्स मंजूर झाला की तो पोर्टलवर मॅप करण्यासाठी विद्यापीठाने कळवावं लागतं आणि हे काम कोणाचं आहे हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. अकरा दिवस रोज स्कॉलरशिप सेक्शन, नोव्हेंबरच्या शेवटी नाव दिसलं. तोपर्यंत एका मुलीने घाबरून प्रवेश रद्द केला होता, फी भरायला सांगतील म्हणून. बारा वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक हीच मी मानते. जाहिरात काढायच्या आधी स्वतः पोर्टल उघडून आपला कोर्स दिसतोय का बघा, कोणाच्या शब्दावर राहू नका.

अजून एक. स्त्री अभ्यास म्हटलं की लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती तुमच्या गळ्यात मारतात. कायद्यात तसं कुठेच नाही. २०१३ चा कायदा, २०१५ चे यूजीसीचे नियम, दोन्हीप्रमाणे समिती ही संस्थेची, विभागाची नाही. आमच्याकडे तक्रारदार मुलगी आणि वर्गातली मुलं एकाच कपाटाच्या दोन बाजूंना बसलेली असायची, गोपनीयता कसली डोंबलाची. भांडून ते ऑफिस दुसऱ्या बिल्डिंगला हलवलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये. समितीवर मी आहे, पण तक्रारींचं कपाट तिकडे आहे, किल्ली तिकडे आहे.

हॉस्टेलचं मात्र जमलेलं नाही. दुसऱ्या बॅचला एका विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जावर 'इतर' या रकान्यात खूण होती. वर्गात काही प्रश्न आला नाही, हजेरीला नाव कुठलं घ्यायचं ते पहिल्या दिवशी विचारून घेतलं, झालं. पण हॉस्टेल दोनच, मुलांचं आणि मुलींचं, आणि मधे कोणी बसतच नाही. आता शहरात खोली घेऊन राहणं चाललंय, महिना ३,००० जास्तीचे. टिपणी टाकलीय, सरांच्या पद्धतीने, किती पैसे लागणार नाहीत ते लिहून.

पहिल्या बॅचच्या एका मुलीने रिसर्च प्रोजेक्ट मुक्ता साळवेंच्या निबंधावर नाही, पण आमच्याच तालुक्यांतल्या अंगणवाडी सेविकांच्या डायऱ्यांवर केला. डायऱ्या म्हणजे सरकारी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलेलं, कोणाकडे हिशेब, कोणाकडे ओव्या, एकीकडे नुसत्या तारखा आणि समोर 'मारलं'. तिला पहिली डायरी दिली ती आमच्या त्या सर्टिफिकेट कोर्सवाल्या ताईंनी. आता त्या ५७ वर्षांच्या आहेत. तोंडी परीक्षेला त्या मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं या कोण, तर मुलगी म्हणाली, "या माझ्या साधनांच्या मालक आहेत." ताईंना ते नीट कळलं नाही, त्यांनी मला खुणेने विचारलं काय म्हणाली, मी नंतर बाहेर आल्यावर सांगितलं.

जागा अजून तीच आहे, पण मागच्या दिवाळीत शेजारची खोली मिळाली, मधलं लोखंडी कपाट मामांनी आणि मी ढकलत ढकलत तिकडे नेलं, म्हणजे आता अडीच म्हणा. पाटी लागलीय, 'लिंगभाव' नीट लिहिलंय, पेंटरसमोर मी स्वतः उभी होते. माझी मुदतवाढीची टिपणी गुरुवारी आस्थापनेत गेलीय, जावक क्रमांक वहीत लिहून ठेवलाय, पानाचा फोटो पण काढलाय.